बाळंतिणीच्या खोलीत रात्री कोण झोपतं?

"ताई, नमस्कार. पहाटेचे ३ वाजून १० मिनिटं झालीत, एका हातानं टाइप करतेय, चुका पोटात घाला. मुलगी २१ दिवसांची आहे. सिझर झालं. आम्ही पिंपरीला राहतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे बाळंतपणाला माहेरी जाता आलं नाही, म्हणून सासूबाई साताऱ्याहून आल्यात. स्वयंपाक, लाडू, बाळाची आंघोळ सगळं त्या बघतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रात्र माझी एकटीची असते. ही दिवसभर गाढ झोपते आणि रात्री १० पासून दर तासा-दीड तासानं उठते. पाजून खाली ठेवली की परत रडते. सासूबाई म्हणतात, तुझं दूध पातळ आहे, पोट भरत नाही तिचं, वरचं सुरू कर. जन्मली तेव्हा २ किलो ८०० होती, १४व्या दिवशी २ किलो ८५० भरली. दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात. नवरा हॉलमध्ये झोपतो, कारण त्याला सकाळी ८ वाजता निघायचं असतं. पाजायला घेतलं की डोळ्यांत पाणी येईल इतकं दुखतं. टाके ओढतात. परवा पहाटे सोफ्यावर बसून पाजता पाजता मला झोप लागली. जाग आली तेव्हा ती माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत सरकली होती. तिला काही झालं नाही. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. तेव्हापासून रोज रडू येतं. काल तर एकदा वाटून गेलं, हिला कुणीतरी घेऊन जावं. मी वाईट आई आहे का?
— तीन वाजताची आई"

अगं, वाईट आई वगैरे आपण मागाहून बघू. आधी तो सोफा.

आज रात्रीपासून सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजायचं बंद. बसून पाजलं म्हणजे झोप लागणार नाही, असं तुला वाटलं असेल. बहुतेकींना वाटतं. पण २१ रात्री जागलेल्या बाईला झोप उभ्यानंसुद्धा लागते. बाळ आईच्या कुशीतून घसरून गादीच्या फटीत तोंड दाबलं जाण्याचा धोका सोफ्यावर सगळ्यात जास्त. मोठ्यांच्या सपाट पलंगावर चुकून डोळा लागणं हेही काही बिनधोक नाही, पण सोफ्याच्या मानानं ते पुष्कळ बरं. त्यामुळे झोप अनावर झालीय असं वाटलं की सरळ पलंगावर आडवी होऊनच पाजायला घे. बाळाच्या बाजूच्या उशा, पांघरूण, गोधडी आधी लांब सार.

सिझरच्या टाक्यांना आडवं होऊन पाजणं उलट सोसतं. एका कुशीवर वळ, पाठीमागे एक लोड लाव, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घे. बाळाला तुझ्याकडे तोंड करून कुशीवर ठेव, त्याचं नाक तुझ्या स्तनाग्रासमोर येईल असं. पोट आणि बाळाचे पाय यांच्या मध्ये नॅपकिनची गुंडाळी ठेवलीस की लाथा टाक्यांवर बसणार नाहीत. पाजून झालं की तिला उचलून तिच्या जागेवर पाठीवर निजवायचं. तिची जागा म्हणजे तुझ्या हाताला लागेल अशी, पण वेगळी. सपाट, जरा घट्ट गादी, वर ताणून बसवलेली चादर, बस. मोहरीची उशी नको, लोड नको, आत्यानं दिलेली मऊ रजई तर नकोच. डोक्याचा आकार आपोआप गोल होतो, त्यासाठी मोहरीची गरज नसते. झोळीत दिवसा कुणी शेजारी बसून झोका देत असेल तर ठीक, पण रात्रभर झोळीत ठेवू नका. एवढ्या लहान बाळाची मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडखळतो.

हे सगळं तुला ओरडून सांगतेय असं समजू नकोस. मी बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून तीस वर्षं काढली. शेकडो बायकांना बाळ छातीशी कसं धरायचं ते शिकवलं. माझ्या स्वतःच्या पहिल्या मुलाच्या वेळी, बाराव्या की तेराव्या रात्री, मी आरामखुर्चीत पाजत बसले होते. जाग आली तेव्हा मांडी रिकामी. काळजाचं पाणी झालं. समोर सासूबाई उभ्या, पोर त्यांच्या खांद्यावर. त्या पाणी प्यायला उठल्या होत्या म्हणून त्यांना दिसलं. एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी आपली वळकटी आणून माझ्या पलंगाखाली पसरली आणि सव्वा महिना होईपर्यंत ती तिथून हलली नाही. पाजायचं काम माझं होतं. उचलून देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत निजवणं हे सगळं त्यांचं. माझं बाळंतपण त्या वळकटीनं निभावलं, असं मी आजही म्हणते.

तुझं पत्र वाचताना मला सारखं तेच आठवत होतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत तिच्या सोबतीला कुणीतरी झोपायचं. आई, आजी, मावशी, नाहीतर बाळंतपणाला ठेवलेली बाई. त्या खोलीत नको त्या गोष्टीही भरपूर होत्या. बंद दारं, शेगडीचा धूर, विटाळ, पाणी कमी प्यायची सक्ती. त्या गेल्या, बरं झालं. पण दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आपण राहायला आलो तेव्हा लाडू सोबत आणले, बाळंतशोपा आणल्या, कानाला बांधायचा स्कार्फ आणला आणि ती वळकटी तेवढी मागं राहिली. आता बाळंतिणीला सकाळी डिंकाचा लाडू मिळतो, दुपारी अळिवाची खीर मिळते आणि रात्री ९ नंतर तिच्या खोलीचं दार लोटून घेतात. "आईच पाजणार ना, मग आम्ही जागून काय करणार?" असं त्यावर बोलणं असतं. वास्तविक एकदा पाजायला वीस मिनिटं लागत असतील, तर त्याच्या पुढेमागे अर्धा तास जातो. हा अर्धा तास कुणालाही करता येतो. त्याला दूध लागत नाही.

तर तुमच्या घरापुरतं सांगते.

रात्री १० ते दीड हा वेळ नवऱ्याचा. साडेनऊला तू पोटभर पाज, आणि खोलीत जाऊन झोप. बाळ त्याच्याजवळ, हॉलमध्ये, तिच्या स्वतःच्या गादीवर. (त्यानंही तिला घेऊन सोफ्यावर लवंडायचं नाही, हे त्याला बजाव.) ती कुरकुरली की त्यानं आधी लंगोट बघावा, खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या माराव्यात. खरी भूक असेल तर ती मूठ तोंडात घालते, मान वळवून तोंडानं शोधते. मग त्यानं तिला आणून तुझ्या कुशीत ठेवायचं. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. तू आडवीच राहून पाज. तो शेजारी जागा बसेल, म्हणजे तुझा डोळा लागला तरी भीती नाही, आणि झालं की तोच उचलून नेईल. दीडनंतर त्यानं झोपावं. सात वाजेपर्यंत साडेपाच तास होतात, सलग. तुला २१ दिवसांत एकदाही मिळालेले नाहीत.

दीड ते पाच तुझे. पाच ते आठ सासूबाईंचे. त्या वयाच्या बायका पाचला तशाही उठलेल्या असतात, चहाचं आधण ठेवून घर झोपलेलं बघत बसतात. पाचला पाजून बाळ त्यांच्या ओटीत दे आणि आठपर्यंत खोलीतून बाहेर येऊ नकोस. तुझ्या त्यांच्याबद्दल तक्रारी नाहीत म्हणतेस ना? मग त्यांना हे विचारायला अवघड जायचं नाही. "आई, सकाळी तुम्ही घेता का तिला?" एवढंच विचार. वरचं दूध सुरू कर असं त्या सांगतात त्याच्यामागेही, तुला झोप मिळावी हेच असेल. त्यांच्या हाताला दुसरा उपाय दिलास की तो विषय आपसूक मागे पडतो.

हा पुढचा परिच्छेद नवऱ्याला वाचायला दे. बाबा रे, तुला ऑफिस आहे हे कबूल. पण पोटाचे थर कापून शिवलेत तुझ्या बायकोचे, आणि ते भरून यायला कमीत कमी सहा आठवडे लागतात. अशा ऑपरेशननंतर तू घरी असतास तर दर तासाला तुला कुणी उठवलं असतं का? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पितृत्वाची १५ दिवसांची रजा असते. खाजगी कंपनीत ती मालकाच्या मर्जीवर असते, आणि जी काही मिळते ती बहुतेक जण दवाखान्याच्या फेऱ्यांत आणि बारशाच्या तयारीत संपवतात. रजा उरली असेल तर आत्ता घे, नसेल तर दोन आठवडे सकाळचं उशिरा येणं मागून बघ. आणि हॉलमधला बिछाना रात्री १० ते दीड जागा राहील असं बघ. तेवढं केलंस तरी पुष्कळ.

आता दुधाचं. सासूबाईंचं आणि माझं इथं जमणार नाही. पण त्यांच्याशी भांडायची गरज नाही, कारण उत्तर तुझ्या पत्रातच लिहिलेलं आहे. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं, सात-आठ टक्के, क्वचित दहापर्यंत, आणि साधारण दोन आठवड्यांत मूळ पदावर येतं. तुझी मुलगी १४व्या दिवशी मूळ वजनाच्या ५० ग्रॅम पुढे गेली. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होणं हा दुसरा पुरावा, आणि तू सात-आठ मोजतेस. दूध पुरत नसतं तर हे दोन्ही झालं नसतं. रडण्यावरून दूध मोजू नये. बाळं सहाव्या आठवड्यापर्यंत दिवसेंदिवस जास्तच रडतात, पोट टिच्च भरलेली बाळंसुद्धा.

दूध पातळ दिसतं ते खरं, विशेषतः सुरुवातीचं. ते तसंच असतं. म्हशीच्या दुधाशी त्याची तुलना करतो तिथं आपली फसगत होते. म्हशीचं दूध रेडकासाठी. बाईचं हेच "पातळ" दूध साठवून अपुऱ्या दिवसांच्या, नाजूक बाळांना पाजता यावं म्हणून मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी काढली, आशियातली पहिली. किलोभराच्या जिवांना जे पचतं, अंगी लागतं, ते तुझ्या जवळजवळ तीन किलोच्या पोरीला कमी पडेल होय?

वरचं सुरू केलं की होतं असं: बाळ तेवढं कमी ओढतं, तेवढं दूध कमी तयार होतं, मग ते खरंच पुरेनासं होतं. अर्थात वजन वाढत नसेल आणि बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं तर डब्याचं दूध देण्यात पाप नाही, वाटी-चमच्यानं द्यावं आणि मनाला लावून घेऊ नये. पण ते डॉक्टरांनी वजनाचा काटा बघून ठरवायचं. गाईचं दूध वर्षाच्या आत नको. पाणी, ग्राइप वॉटर, मध, गुटी यातलं काहीही सहा महिने नको. मध तर वर्षभर नको, त्यातून लहान बाळांना बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. गुटीची सहाण किती हौसेनं आणलेली असते ते मला माहीत आहे. आठवण म्हणून ठेवा. बाळाला रोज द्यायचं असतं ते ड जीवनसत्त्वाचे थेंब, डॉक्टरांनी लिहून दिले नसतील तर विचारून घे.

मग ती रात्रीच का जागते? पोटात होती तेव्हा तू दिवसभर चालायचीस, तिला झोके मिळायचे, ती झोपायची. तू आडवी झालीस की तिची धावपळ सुरू. तेच घड्याळ ती घेऊन आली आहे. दिवस-रात्र कळायला तिला दोन-तीन महिने लागतील. त्यात पोट एवढंसं, आईचं दूध दीड-दोन तासांत पचतं, म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं हा या वयाचा हिशेबच आहे. शिवाय दूध आणणारं प्रोलॅक्टिन आईच्या अंगात रात्री जास्त असतं. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बाळं एकदम वाढीला लागतात आणि दोन-चार दिवस सारखी छातीशी असतात. तू नेमकी त्यात आहेस.

तिला मारून-मुटकून रात्री झोपवता येणार नाही, पण पिण्याच्या काही वेळा दिवसाकडे सरकवता येतात. दिवसा तिला अंधाऱ्या खोलीत ठेवू नका. पडदे उघडे, कुकरच्या शिट्या, बोलणं, सगळं चालू दे. दिवसा तीन तासांच्या वर झोपली तर उठवून पाज. झोपलेल्या बाळाला उठवू नये असं घरात कुणीतरी म्हणेलच, त्यांना माझं नाव सांग. रात्री उलट. झिरोचा दिवा, गप्पा नाहीत, शी केली असेल तरच लंगोट बदलायचा, नुसती शू असेल आणि ती शांत असेल तर राहू दे. आणि तो फोन. रात्री ३ वाजता "बाळ का झोपत नाही" असं शोधत बसलं की बाळ झोपल्यावरही आपल्याला झोप लागत नाही. (मला पत्र लिहिलंस ते ठीक आहे.)

एक महिन्याची झाली, ओढण्याचं नीट जमलं की दिवसा एकदा दूध काढून ठेवता येईल. मग रात्रीचं ११चं पाजणं नवऱ्याच्या हातून होईल आणि तुला सलग चार तास मिळतील. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं, पण उन्हाळ्यात त्या भरवशावर राहू नकोस, लगेच फ्रिजमध्ये ठेव, तिथं चार दिवस चालतं. दारातल्या कप्प्यात नाही, आतल्या बाजूला. गॅसवर उकळायचं नाही, भांडं कोमट पाण्यात धरायचं.

पाजताना दुखतं म्हणतेस त्याचं. पहिली पाच-दहा सेकंद कळ येणं वेगळं, पण पूर्ण वेळ दुखत असेल तर ती नुसतं टोक ओढतेय. तोंड जांभईसारखं मोठं उघडेपर्यंत थांब. खालच्या ओठाला स्तनाग्र लावलं की ती उघडते. मग तिला तुझ्याकडे ओढ, तू तिच्यावर वाकू नकोस. भोवतालचा काळा भाग बराचसा तोंडात गेला पाहिजे, विशेषतः खालच्या बाजूचा. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, गाल फुगलेले. गिळल्याचा आवाज येतो. नाही जमलं तर ओढून काढू नकोस, करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाल, पकड सुटेल, परत लाव. दहा वेळा परत लावावं लागलं तरी चालेल, पण दुखत असताना दात-ओठ खाऊन पाजू नकोस. चिरा पडल्या असतील तर शेवटचे दोन थेंब दूध चोळून वाऱ्यावर वाळू दे. छाती एका जागी लाल, गरम, गाठीसारखी झाली आणि ताप आला तर डॉक्टरकडे जा, मात्र त्या बाजूनं पाजणं थांबवू नकोस.

टाक्यांचं थोडक्यात. अंथरुणातून सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातावर जोर देऊन उठायचं. खोकला, शिंक, हसू आलं तर पोटाला उशी दाबून धर. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, पाण्याची बादली तर मुळीच नाही. घरातल्या घरात चालत राहा. मालीशवाल्या बाई हातापायांना, पाठीला तेल लावू देत, पोटाला जखम पूर्ण भरेपर्यंत हात लावू नये. पोटपट्टा आधारापुरता, आवळून नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी मला अजिबात पसंत नाही. त्या धुरानं बाळाच्या फुप्फुसांना त्रास होतो, आणि कोंडलेल्या खोलीतल्या कोळशाच्या वायूनं जीवही जाऊ शकतो. शेकायचंच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं कंबर शेका.

खाण्यात सासूबाईंना पैकीच्या पैकी. पाजणाऱ्या बाईला रोज ५००-६०० उष्मांक जास्त लागतात, एक लाडू आणि एक वाटी खीर त्यातच मोडते. अळिवात लोहही चांगलं असतं. भाज्या, डाळी, फळं, अंडी काहीही बंद करू नकोस, "बाळाला बाधेल" म्हणून नुसत्या मऊभातावर राहू नकोस. उशाशी पाण्याचा तांब्या हवाच. आणि लाडवांच्या भरवशावर गोळ्या विसरू नकोस: लोह आणि कॅल्शियम बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायचं असतं. लोहानं पोट जड होतं, कुंथलं की टाके ओढतात, त्यासाठी पाणी आणि पालेभाजी.

काही गोष्टी मात्र "बघू सकाळी" म्हणून टाळायच्या नाहीत. टाक्यांतून पू किंवा वास, १००.४ च्या वर ताप, अंगावरून इतकं जाणं की तासाभरात पॅड भिजतं, मोठ्या गाठी, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी. बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब चढू शकतो. बाळाला ताप आला, पिणं सोडलं, हाक मारूनही उठेना किंवा लंगोट कोरडे राहायला लागले, तरी तेच. थेट दवाखाना, गाडी नसेल तर १०८.

आणि आता तो प्रश्न, जो तू शेवटी लिहिलास आणि बहुधा पत्र त्यासाठीच लिहिलंस.

हिला कुणीतरी घेऊन जावं, असं वाटणं. वॉर्डात रात्रपाळीला किती जणींनी मला हे कानात सांगितलंय, मोजलं नाही. बहुतेकींना त्या क्षणी बाळ नको नसतं, जागरण नको असतं. चार तास झोप मिळाली की त्याच बाया पाळण्यावर वाकून बसतात. म्हणून वाईट आई वगैरे काही नाही. पण म्हणून मी "होतं असं" म्हणून तुला परतही पाठवणार नाही. बाळंतपणानंतर उगाच रडू येणं, मन हळवं होणं हे बहुसंख्य बायकांना पहिल्या दहा-पंधरा दिवसांत होतं आणि आपोआप ओसरतं. तुझे २१ दिवस झाले आणि रडणं आता सुरू झालंय. सोफ्याचा धक्का, झोप नसणं, मनात गुपित ठेवणं हे सगळं त्यात आहेच, तरीही ते तपासून घ्यायला हवं.

स्वतःला हे विचार. बाळ दुसऱ्याच्या हातात असतानाही झोप लागत नाही का? एरवी आवडणारं काहीच नकोसं झालंय का? सारखी अपराधी भावना, धडधड, "माझ्यावाचून सगळ्यांचं बरं होईल" असं काही? यातलं एखादं आठवडाभर टिकलं तर तुझ्या प्रसूतीच्या डॉक्टरांना फोन कर. त्या दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली भरून घेतात, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. पाजत असताना चालतील अशी औषधं आहेत, त्यासाठी दूध तोडावं लागत नाही. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला, नसलेले आवाज ऐकू आले, दोन-दोन दिवस झोप नसूनही अंगात वारं भरल्यासारखं वाटलं, तर आठवडा थांबायचं नाही. त्याच वेळी घरच्यांना उठवायचं, बाळ त्यांच्याकडे द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सोफ्याचं मात्र आज संध्याकाळीच नवऱ्याला सांग. तो आणि तू दोघंच असाल तेव्हा. तो घाबरेल, घाबरू दे. रात्री दीडपर्यंत जागं राहायला त्याला तेवढं कारण पुरेल. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्या सासूबाईंनी कधीच कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं त्यांच्या हातूनही कधीतरी असं झालं असावं. त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

बघायला येणाऱ्यांना संध्याकाळी ५ ते ६ ची वेळ द्या, एकच तास, आणि चहा त्यांनीच करून प्यावा.

दीड महिन्याच्या डोसला जाशील तेव्हा वजन होईलच, पण तोवर थांबू नकोस, या आठवड्यात एकदा काट्यावर ठेवून आण. रोजचे २०-३० ग्रॅम धरले तर आज ती तीन किलोच्या आसपास भरायला हवी. आकडा आधी सासूबाईंना दाखव, मग मला कळव. दिवसा.